मापावरची शीग

१९९८च्या ऑगस्टमध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए बाजारात आला तो गरिबाघरचा प्रोसेसर म्हणून. वेग ३०० मेगाहर्ट्झ, मदरबोर्डशी बोलणारी बस ६६ मेगाहर्ट्झची, कॅश अवघी १२८ केबी. पण ती कॅश चिपच्या पोटातच होती, त्यामुळे चिपच्याच वेगानं चालायची. महागड्या पेन्टियम टूची ५१२ केबी कॅश बाहेर बसायची आणि निम्म्या वेगानं धावायची. मदरबोर्डवर बस ६६वरून १००वर नेली की साडेचारच्या गुणकानं (चिपचा वेग म्हणजे बस गुणिले गुणक) आकडा थेट ४५०वर! त्या आनंदाला थोडी चोरीची चव होती, म्हणूनच तो गोड होता.

जुने वाणी पायली भरल्यावर वर शीग चढू द्यायचे. ती हिशेबात नसे, पण घरी येई. ओव्हरक्लॉकिंगवरून, म्हणजे छापील वेगापेक्षा चिप किती पुढे पळते यावरून, प्रोसेसरच्या पिढ्यांची तुलना होते तेव्हा मोजली जाते ती ही शीग. चिपचा दम त्यात असतोच. त्याहून जास्त दिसतं ते कंपनीनं लेबल किती हात राखून छापलं ते. एका वेफरमधून निघालेल्या चिपा सारख्या नसतात, आणि त्यातल्या दुबळीलाही धुळीच्या खोलीत वर्षानुवर्षं टिकायचं असतं. शिवाय स्वस्त मालाला मागणी मोठी; मग चांगली चिपही कमी वेगाचा शिक्का घेऊन बाहेर पडायची.

२०००च्या सुमारास एएमडीच्या ड्युरॉन आणि थंडरबर्ड अॅथलॉनवर चक्क शिसपेन्सिल चालायची. चिपवरचे एल-वन नावाचे तोडलेले पूल ग्राफाइटच्या रेघांनी जोडले की गुणक मोकळा. कारखान्यात तोडलेलं दप्तरातल्या पेन्सिलीनं जुळावं, याहून सुंदर तांत्रिक विनोद मला ठाऊक नाही.

२०११चा आय-फाइव्ह २५००के हा शेवटचा उदार. ३.३ गिगाहर्ट्झचा, पण चांगल्या एअर कूलरवर साडेचारच्या आसपास सहज पोचायचा. मात्र बसचा रस्ता तोवर जवळपास बंद झाला होता, आणि मोकळ्या गुणकासाठी 'के' अक्षराचे जादा पैसे मोजावे लागत. शीगही बिलात आली. पुढच्या वर्षीच्या आयव्ही ब्रिजमध्ये झाकणाखाली सोल्डरऐवजी थर्मल पेस्ट आली. चिप तापायची, आणि हौशी लोक ब्लेडनं झाकण उचकटायचे.

वेग चढवायला व्होल्टेज चढवावं लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं वाढते. एअर कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. नागपुरात मे महिन्यात हे वेगळं सांगावं लागत नाही. (द्रव हेलियम ओतून एएमडीच्या एफएक्सनं २०११मध्ये ८.४२९ गिगाहर्ट्झ गाठले होते. पण त्या पीसीवर कुणी पत्र टाइप करत नाही.)

आता चिप स्वतःच तापमान आणि वीज पाहून क्षणाक्षणाला वेग ठरवते. २०२३चा आय-नाइन १३९००केएस खोक्यातूनच ६ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा निघाला. २०१७च्या पहिल्या रायझनमध्ये तर एएमडीनं सगळ्यांचे गुणक मोकळे ठेवले, पण ४ गिगाहर्ट्झच्या फार पुढे गाडी सरकेना. कुलूप निघालं तेव्हा आत फारसं उरलंच नव्हतं.

माझ्या लेखी ३००एची सर कुणालाच नाही. आज नवा पीसी जुळवत असाल, तर ओव्हरक्लॉकिंगच्या आशेनं 'के'वर पैसे घालू नका. कूलर चांगला घ्या आणि मदरबोर्डनं मुभा दिली तर बायोसमध्ये व्होल्टेज थोडं उतरवून पाहा. वेग बहुधा तोच राहतो, तापमान उतरतं.