अम्माची टोपली

रामेश्वरच्या यात्रेस निघालो, तेव्हा पांबनच्या पुलाअलीकडे मंडपम येथे आमची बस थांबली. तेथे श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांची छावणी आहे. १९८३ मध्ये श्रीलंकेत यादवी युद्ध पेटले आणि हजारो कुटुंबे होड्यांतून समुद्र ओलांडून या किनाऱ्यावर आली. सरकारने त्यांना निवारा, मासिक रोख साहाय्य व स्वस्त तांदूळ दिला.

थांब्याजवळ छावणीतील एक वृद्धा ताडाच्या पानांची टोपली विणत बसली होती. तिची हकिकत ऐकून मी तिच्या हाती पन्नासाची नोट ठेवली. तिने ती परत केली. दुभाष्या सहप्रवासी म्हणाला, "अम्मा म्हणतात, तांदूळ मिळतो. द्यायचेच असेल, तर टोपली विकत घ्या."

मी खजील झालो. दान देण्यातला माझा अहंकार तिने अलगद बाजूस सारला होता.

२००९ मध्ये ते युद्ध संपले. पुढे उत्तर व पूर्व श्रीलंकेत भारताच्या साहाय्याने सुमारे ४६,००० घरे उभी राहिली. पैसे हप्त्यांनी थेट कुटुंबांच्या खात्यात जमा होत. घर मात्र त्यांनी स्वतः उभारायचे. हे वाचताना मला अम्मा आठवली. भुकेल्याला आधी अन्नच हवे, हे खरे. परंतु उखडलेल्या माणसाचा स्वतःच्या हातांवरील विश्वास परत आला, तरच मदत पूर्ण होते.

त्या टोपलीत आम्ही आजही भाकरी ठेवतो.