समुद्राकाठची जागा



माझा भाचा पुण्याला असतो. रत्नागिरीला मिऱ्याच्या बाजूला आमच्या माहेरची थोडी जागा आहे, समुद्राला लागून, आठ-दहा माड असलेली. वर कातळावर एक दुसरा तुकडा आहे. कातळावरचा विकून खाली किनाऱ्याला घर बांधावं असं त्याच्या मनात आहे. "आत्या, तुझं काय मत?" असं त्याने विचारलं. फोनवर हे सगळं सांगता आलं नसतं, म्हणून इथे लिहिते. आमची इतर मंडळीही वाचतीलच.

आधी जमिनीबद्दल. वरचा कातळ जांभ्याचा. लाखो वर्षांच्या पावसाने मूळच्या काळ्या खडकातले विरघळणारे घटक धुऊन नेले आणि लोखंड व ॲल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून त्याचा रंग तांबडा. हा दगड सच्छिद्र. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडूनही पाणी झिरपून जातं आणि एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात. पण पाणी साचत नाही म्हणूनच तिथे हापूस होतो. लोक सुरुंग लावून कातळात खड्डे घेतात, माती भरतात आणि कलम लावतात. कष्टाची जमीन, पण जागची हलत नाही.

खालची वाळूची. तिथे चार हातांवर गोडं पाणी लागतं. मात्र ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. बादलीने शेंदलं तर पुरतं. पंप लावून उपसलं की खालचं खारं वर येतं.

आता समुद्र. आमच्या लहानपणी आजी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास, आणि तेव्हाच उधाण. मी वर्गात भूगोल शिकवताना चंद्राची कारणं सांगे, पण मुलांच्या लक्षात राही ती आजीची पाऊणपटच. पावसाळ्यातलं उधाण आणि नैर्ऋत्येचा वारा एकत्र आले की लाटा वाळू ओढून नेतात. पाऊस सरल्यावर शांत लाटा तीच वाळू पुन्हा आणून टाकतात. पुळणीचा हा दरवर्षीचा हिशेब आहे. मिऱ्याला धूपप्रतिबंधक बंधारा घातला आहे. त्याने मागच्या घरांना आधार मिळतो हे खरं, पण दगडावर आपटून परतणारी लाट समोरची वाळू खरवडते.

वादळांचं तर विचारूच नये. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' आलं, तेव्हा मासेमारीचा हंगाम भरात होता. माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा त्या दिवशी होडीवर होता. तो परत आला नाही. त्याची आई पुढे कित्येक दिवस धक्क्यावर येऊन बसायची. ३ जून २०२० ला 'निसर्ग'च्या वेळी 'बसरा स्टार' नावाचं जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या बंधाऱ्याला लागलं. खलाशी वाचले. एवढं मोठं लोखंडी धूड जिथे समुद्र आणून टाकतो, तिथे आपल्या पडवीची काय कथा! पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' येऊन गेलं. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की नाखवा होडी आत आणतो. घराला आत आणता येत नाही रे.

मला त्या जागेची ओढ नाही असं समजू नकोस. तिथल्या माडांना मी कळशीने पाणी घातलंय, आणि तुझे बाबा तिथेच पोहायला शिकले. पण आपल्या आधीच्या माणसांनी खाली माड लावले आणि राहती घरं वर चढावर बांधली, ती काही उगाच नाही. माड खाऱ्या वाऱ्याला वाकतो, सोसतो. भिंत वाकत नाही.

तेव्हा कातळ विकू नकोस. घर वर बांध, पावसाचं पाणी साठवायला टाकी आधी कर. खालचे माड तसेच राहू देत, संध्याकाळी चालत जायला ते पुष्कळ आहेत. उतार फार नाही, अजून मीसुद्धा उतरते.

तुला राग आला तरी चालेल, पण एकदा आषाढातल्या अमावास्येला, भरतीच्या वेळी तिथे उभा राहा आणि मग ठरव.

बाकी मंडळींचं मत काय, जरूर कळवा.