बलरामाच्या शेजारची खुर्ची

‘सौभद्र’ बघायला कुणी गोष्ट कळावी म्हणून जात नाही. बलरामानं सुभद्रेला न विचारताच दुर्योधनाला देऊन टाकायचं ठरवलेलं असतं, तिचं मन अर्जुनावर, आणि कृष्ण दोन्हीकडे गोड बोलून स्वतःला हवं तेच घडवून आणतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली रंगभूमीवर आणलेलं हे नाटक लोक अजून तिकीट काढून बघतात, ते आजचा अर्जुन कसा गातो आणि शेजारचा कुठे ‘वा’ म्हणतो त्यासाठी. एकट्यानं बघायचं हे नाटकच नव्हे.

परवा भरत नाट्य मंदिरात प्रयोग होता. आम्ही आठ जण गेलो. दादा-वहिनी, भाची आणि तिचा नवरा, आम्ही दोघं, आणि माझ्या शाळेतल्या दोन मैत्रिणी, ज्यांना आमच्या घरातलं सगळं ठाऊक असतं.

सगळं म्हणजे काय, तर भाचीनं तीन वर्षांपूर्वी धारवाडच्या मुलाशी आपलं आपण लग्न ठरवलं. दादा लग्नाला आला, अक्षता टाकल्या, पंगतीत जेवला. पण तेव्हापासून जावयाशी ‘या’ आणि ‘बसा’ यापलीकडे बोलला नाही. (दादा हे पान वाचतो. त्याला विचारूनच लिहिते आहे. ‘लिही, पण माझी बाजूही लिही,’ म्हणाला. त्याची बाजू एवढीच, की मला आधी विचारायला हवं होतं. भाचीची बाजू अशी, की विचारलं असतं तर बाबा नाहीच म्हणाले असते. मला दोन्ही खरं वाटतं.)

तिकिटं वहिनीनं काढली होती. दादाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला जावई. आमच्या घरातला कृष्ण कोण, ते खुर्च्यांचे नंबर बघूनच समजलं.

ऑर्गनचा सूर लागला, नांदी झाली. मूळ नाटकात शंभरावर पदं, पूर्वी प्रयोग रात्रभर चालत. आता तीन तासांत बसवायचं म्हणजे कात्री लागणारच. साक्या आणि दिंड्या मात्र बऱ्याच ठेवल्या होत्या, बरं वाटलं. मी वर्षानुवर्षं फळ्यावर मात्रा मोजून मुलांना दिंडी शिकवली, पण दिंडी खरी कळते ती अशी कानानं. असो.

संन्याशाच्या वेषातला अर्जुन आला. बलराम त्याच्या पायाशी भक्तिभावानं लीन, आणि सुभद्रेलाच त्याच्या सेवेला लावतो! सगळं थिएटर हसलं. मी दादाकडे बघितलं नाही. एक मैत्रीण मात्र पुढे वाकून चक्क बघत होती. दादा हसत नव्हता, पण गुडघ्यावर ठेका चालू होता.

पुढच्या एका पदाला जावई भाचीकडे झुकून हळूच म्हणाला, ‘ही चाल आमच्याकडची वाटते.’

दादाची नजर रंगमंचावरच. ‘आहेच. किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. कानडी चाली कानात घेऊनच ते इकडे आले.’

एवढं लांब वाक्य जावयानं सासऱ्याकडून पहिल्यांदाच ऐकलं असेल. मध्यंतरात आम्ही बाहेर वडा-चहा घेत होतो आणि हे दोघे आत खुर्चीवरच. वहिनीनं दोन वडे कागदात बांधून आत पाठवले, स्वतः गेली नाही.

शेवटी बलरामाला सगळं कळतं, तो भडकतो आणि कृष्ण त्याची समजूत घालतो. तिथे दादा पुढच्या रांगेलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, ‘पण या बिचाऱ्यालाही कुणी काही विचारलं नाही!’

पुढच्या रांगेतले वळून हसले. आमच्या रांगेत कुणी हसलं नाही. जावयानं नुसती मान हलवली. भाचीचा हात माझ्या मैत्रिणीच्या हातात होता, तो तिनं घट्ट धरला.

बाहेर आल्यावर दादा सुभद्रेच्या तानांवर जरा जास्तच कडक बोलला. मला तर ती मुलगी आवडली, आवाज मोकळा होता. मग आम्ही रिक्षा बघायला लागलो, तर दादा जावयाच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसलेला. घरापर्यंत ‘इकडून नको, तिकडून घ्या’ चालू होतं, असं वहिनी फोनवर सांगत होती.