आजीच्या चालीने

अमेरिकेतील ओहायो राज्यात डंकन फॉल्स नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील जॉय रायन या आजींनी वयाच्या ८५ व्या वर्षापर्यंत ना पर्वत पाहिला होता, ना समुद्र. त्यांचा नातू ब्रॅड पशुवैद्यकाचे शिक्षण घेत होता. आईवडिलांच्या घटस्फोटानंतर कुटुंबात दुरावा आला आणि आजी-नातवाची सुमारे दहा वर्षे भेटच झाली नाही. (दुकानाच्या वाटणीपायी आजीला पारखी झालेली नातवंडे आपल्याकडेही आढळतात.) पुन्हा येणेजाणे सुरू झाल्यावर आजींच्या मनातली ही रुखरुख नातवाला कळली आणि २०१५ साली दोघे मोटारीने ग्रेट स्मोकी माउंटन्सकडे निघाले.

टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांच्या सीमेवरील ही पर्वतराजी. दाट वनराईतून निघणाऱ्या बाष्पामुळे तिच्यावर सदैव निळसर धूसरता पसरलेली असते; नावातला ‘धूर’ तो हाच. आजी-नातू पोहोचले तेव्हा रात्र झाली होती आणि तंबू भर पावसात उभारावा लागला. तरीही आजींचा उत्साह मावळला नाही. मग देशातील सर्व ६३ राष्ट्रीय उद्याने पाहण्याचा संकल्प झाला. कोलोरॅडोतील ग्रेट सँड ड्यून्स येथे तर या आजी लहान मुलासारख्या वाळूच्या टेकडीवरून गडगडत खाली आल्या. वाटेतली छायाचित्रे ब्रॅड समाजमाध्यमांवर देत गेला आणि लोक आजींना नावाने ओळखू लागले.

वृद्ध माणूस बरोबर असला की प्रवास रेंगाळतो, अशी तक्रार तरुण मंडळी करतात. निसर्गाचे छायाचित्र टिपणाऱ्याला मात्र हे रेंगाळणेच हवे असते. ग्रँड कॅन्यन ही दरी ४४६ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. भर दुपारी ती सपाट आणि फिकी भासते. सूर्य कलू लागला की एकेका थरावर सावली चढते, तांबडा, केशरी, जांभळा असे रंग उमटतात. दहा मिनिटांत पाच ठिकाणे उरकणाऱ्याला ते दिसत नाहीत. एका बाकावर तासभर विसावणाऱ्या आजीशेजारी उभ्या असलेल्या नातवाच्या कॅमेऱ्यात ते आपसूक येतात.

आपली कितीतरी मुले अमेरिकेत स्थायिक आहेत. आईवडील किंवा आजी-आजोबा तिकडे गेले की मॉल, चार ओळखीची घरे आणि नायगारा यांतच त्यांचे महिने सरतात. वास्तविक, दक्षिण कड्यालगतच्या पायवाटेचा बराच भाग पक्का असून चाकांच्या खुर्चीतूनही तेथे फिरता येते. ग्रीन कार्डधारक ज्येष्ठांसाठी हिशेबही सोपा आहे: ६२ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकास वा कायम रहिवाशास आजीवन प्रवेशपत्र मिळते. २०१७ मध्ये त्याचा दर १० डॉलरवरून ८० डॉलर झाला. तरीही आयुष्यभरासाठी तो जड नाही. पर्यटक म्हणून आलेल्यांना मात्र ही सवलत नाही.

रायन आजींची ६३ उद्याने २०२३ च्या मे महिन्यात पूर्ण झाली. शेवटचे उद्यान विषुववृत्तापलीकडच्या अमेरिकन सामोआतले, त्यामुळे तेथे विमानाने जावे लागले. आजी तेव्हा ९३ वर्षांच्या होत्या.

ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे. श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पहाटे तेथे बोचरा गारठा असतो. कॅमेऱ्याच्या पिशवीबरोबर आजींची शालही हाताशी ठेवावी.