मोरीला बोळा

मे महिन्यात भंडारदऱ्याच्या धरणातलं पाणी खोल जातं. खालच्या उसाला आवर्तनं सुटून सुटून काठ उघडे पडतात, चिखलाला भेगा जातात आणि एरवी पाण्यावर डुलणाऱ्या बोटी कलंडून पडलेल्या दिसतात. पाण्यातली बोट देखणी असते. काठावरची मात्र जेवून ओसरीवर आडव्या झालेल्या म्हाताऱ्यासारखी, पोट उघडं आणि कुणाची पर्वा नाही अशी.

मामांची बोट खरोखरच म्हातारी आहे. मामा नात्यातले नव्हेत. कित्येक वर्षं त्यांच्या बोटीतून पलीकडच्या काठावरच्या रतनवाडीला जातोय, म्हणून मामा. फायबरची बोट, निळा रंग ठिकठिकाणी उडालेला. गेल्या दिवाळीत रतनवाडीच्या वाटेवर माझ्या पायाला पाणी लागलं. मामा म्हणाले, "वरून आलं असंल." वरून म्हणजे लाटांच्या शिंतोड्यांनी. पुढचा अर्धा तास मी डालड्याच्या डब्याने ते 'वरून आलेलं' पाणी उपसत होतो आणि ते काही केल्या संपत नव्हतं.

बोटीला भोक असतं आणि ते बांधणाऱ्यानेच पाडलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मागच्या फळीला, जिथे इंजिन टांगतात तिथे, अगदी तळाशी ते असतं. पावसाचं, शिंतोड्यांचं, पाहुण्यांच्या ओल्या पायांचं पाणी बोटीच्या पोटात साचतं. बोट काठावर ओढली की रबरी बूच काढायचं आणि ते वाहू द्यायचं. पाण्यात ढकलण्याआधी बूच परत घालायचं. 'मोरीला बोळा आणि दरवाजा उघडा' ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. बोटीला दरवाजाच नसतो. तिथे सगळी भिस्त बोळ्यावर.

पण बूच नवंकोरं असून पाणी येत होतं. दोष भोकाला होता. दोन बाजूंनी फायबर आणि मधे प्लायवूड, अशी ती फळी. फायबर कुजत नाही, लाकूड कुजतं. म्हणून भोकातून पातळ पितळी नळी आरपार घालतात आणि तिची दोन्ही तोंडं बाहेर मुरडतात. वाहत्या पाण्याला लाकडाचं दर्शनही होऊ नये, एवढंच तिचं काम. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. वर्षानुवर्षं ओलीत राहिलं की त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतं ते गुलाबीसर, ठिसूळ, भुसभुशीत तांबं. मामांच्या नळीचा रंग कधीच पिवळा राहिला नव्हता. आतला ओठ चिरला होता. कुणीतरी त्यावर एम-सील थापलं होतं. कुणी, हे मामांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

यंदाच्या मे महिन्यात आम्ही ती काढली. ओठ छिन्नीने तोडला, लाकडी दांडक्याने ठोकलं, आणि नळी अर्धी नळीसारखी, अर्धी बिस्किटाच्या चुऱ्यासारखी बाहेर आली. तिच्यामागोमाग प्लायवूड. चहाच्या चोथ्यासारखं काळं, ओलं. बोटांनी उकरावं तेवढं निघत होतं. मामा गप्प. ज्या फळीवर इंजिन टांगून ते रोज माणसं नेतात, तिच्या आत हे होतं.

सुदैवाने कुज तळहाताएवढीच होती. कडक लाकूड लागेपर्यंत खरवडलं, मग पापड वाळवावेत तशी चार दिवस बोटीची पिछाडी उन्हाकडे करून ठेवली. घाई करून ओल्यावरच इपॉक्सी भरली, तर ओल आत कोंडली जाते आणि कुज चालूच राहते. खड्डा भरला, भोकाच्या भिंतींनाही इपॉक्सी पाजली. नवी नळी नाशिकच्या भांडी बाजारातून आणली, लांबी फळीच्या जाडीपेक्षा किंचित जास्त. तोंड मुरडायला एक म्हातारे तांबट भेटले. हंड्याचे काठ मुरडण्यात जन्म गेलेला. त्यांनी आधी नळीची टोकं तापवून मऊ केली. "थंड पितळ मारलं की फाटतं," एवढंच बोलले. एक तोंड त्यांनी तिथेच वळवून दिलं, दुसरं कसं वळवायचं ते दाखवलं: गोल डोक्याची हातोडी, हलके ठोके आणि नळी फिरवत राहायची. आमची नळी फळीत बसलेली असल्याने आम्ही तिच्याभोवती फिरलो. ओठाखाली सीलंटचा वळसा दिला. मामांच्या पहिल्या ठोक्यांचे पोचे अजून दिसतात.

दुपारी समोर धरणाची भिंत तापत होती. १९१० ला काम सुरू होऊन १९२६ ला पुरं झालेलं हे दगडी धरण, उंची सुमारे ८२ मीटर. मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचं नाव भिंतीला मिळालं. पर्यटक ज्या अंब्रेला फॉलचे फोटो काढतात, तो धबधबा म्हणजे या भिंतीतून सोडलेलं पाणी, गोल कातळावरून छत्रीसारखं पसरणारं. मोरीचं एवढं कौतुक दुसरीकडे पाहिलं नाही. पण १९६९ साली याच भिंतीला तडा गेला, पाणी झिरपू लागलं, आणि पुढे तिच्या पाठीला दगडी टेकू द्यावे लागले. नंतरच्या धरणांच्या पोटात झिरपलेलं पाणी काढून द्यायला मुद्दाम वाटा ठेवतात. कुठलीही भिंत पूर्ण कोरडी नसते, हे इंजिनिअर मंडळी आपल्याआधी मान्य करतात.

पलीकडे रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ. शंकराची प्रदक्षिणा पुरी घालत नाहीत. सोमसूत्राशी, म्हणजे पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर जातं त्या पन्हाळीशी, थांबून मागे वळतात. लहानपणी मला हे उगाचच वाटायचं. आता वाटतं, बाहेर जाणाऱ्या पाण्याला इतकं अदबीने वागवणारे लोक घरातली मोरी मात्र तुंबेपर्यंत बघत नाहीत.

सीलंट वाळल्यावर मामांनी बोट पाण्यात नेली नाही. उलट बूच लावून बोटीतच दहा-बारा हंडे पाणी ओतलं आणि बाहेरून नळीखाली कोरडा फडका धरून बसले. विडी संपली, फडका कोरडा. मग बूच काढलं, पाणी भसकन गेलं.

दुसऱ्या दिवशी रतनवाडीपर्यंत जाऊन आलो. आत पाणी होतं ते माझ्या चपलांचं. एक मात्र सांगायला हवं: पहिल्यांदा बोट ढकलली तेव्हा बूच काठावरच्या दगडावर राहिलं होतं, आणि गुडघाभर पाण्यातून ती परत ओढावी लागली. आता ते बूच सुतळीने पेट्रोलच्या कॅनच्या कानाला बांधलेलं असतं.