उडवायचं की भिंतीवर टांगायचं?

बाल्सा नावाचं लाकूड तुम्ही कधी हातात घेतलंय का? पहिल्यांदा घेणारा माणूस हमखास एकदा फळीकडे आणि एकदा देणाऱ्याकडे बघतो. एवढी मोठी फळी आणि वजनच नाही! थर्माकोल रंगवून दिलाय की काय, अशी शंका येते. पण हे खरंखुरं लाकूड आहे. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशातून ते जगभर जातं. १९४७ साली थोर हेयरडाल आणि त्याच्या सोबत्यांनी याच लाकडाच्या ओंडक्यांचा 'कॉन-टिकी' नावाचा तराफा बांधून पेरूपासून पॉलिनेशियापर्यंतचा समुद्र ओलांडला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या 'मॉस्किटो' या ब्रिटिश विमानाच्या अंगातही प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्साच भरलेलं असे.

आज तुम्हाला सांगायचंय ते याच लाकडापासून आम्ही घरी बांधलेल्या एका विमानाबद्दल. रेडिओ कंट्रोलवर खरोखर उडणारं लढाऊ विमान, मूळ विमानाच्या अगदी आठव्या हिश्शाचं.

आम्ही तीन पिढ्या इंदूरला राहणारे मराठी. घरात मी, पत्नी, दहावीतली लेक आणि माझी आई. लेक दोन वर्षांपासून फोमचं छोटं शिकाऊ विमान उडवत होती. एके दिवशी म्हणाली, "बाबा, विकतचं तयार विमान नको. आपण बांधलेलं उडवू या." मग परदेशातून एक किट मागवलं.

किट म्हणजे तयार खेळणं नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. खोक्यात निघतात लेझरने कापलेले बाल्साचे आणि प्लायवूडचे शेकडो तुकडे, टेबलभर पसरणारा एक नकाशा, नाकावरचं प्लॅस्टिकचं आवरण आणि कॉकपिटची पारदर्शक काच. बस्स. मोटर, बॅटरी, रिसीव्हर, पंखांचे आणि शेपटीचे भाग हलवणाऱ्या सर्व्हो मोटरी, चाकं पोटात ओढून घेणारी यंत्रणा हे सगळं वेगळं घ्यावं लागतं. त्याची बेरीज किटपेक्षा जास्त होते. आणि वेळ? रोज रात्री जेवणं झाल्यावर तास-दीड तास. आम्हाला ११ महिने लागले.

विमान निवडलं हॉकर हरिकेन. लेकीला खरं तर स्पिटफायर हवं होतं. स्पिटफायर देखणं, त्याचं नावही मोठं. पण त्याची चाकं बाहेरच्या बाजूला मिटतात, म्हणून उतरवलेली असताना ती एकमेकांच्या फार जवळ असतात. ओबडधोबड जमिनीवर असं विमान चटकन कलंडतं. हरिकेनची चाकं आतल्या बाजूला मिटतात, त्यामुळे ते पाय फाकवून भक्कम उभं राहतं. पंखही जाड, त्यामुळे समजूतदार. आमचं मैदान म्हणजे मुरमाची पट्टी आणि कडेला सोयाबीन काढलेली शेतं. तिथे हरिकेनच शहाणपणाचं.

आणखी एक कारण होतं. सिडनी कॅम यांच्या आराखड्यावरून तयार झालेलं हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडालं, तेव्हा धातूच्या पत्र्याची विमानं येऊ लागली होती. तरी हरिकेनचं मागचं अंग जुन्या पद्धतीचंच होतं. आत धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणलेलं कापड. म्हणजे आपण बाल्साच्या पट्ट्यांवर कापड चढवतो, तेव्हा खऱ्या विमानात जे होतं तेच करत असतो. कापडाखाली उठून दिसणाऱ्या त्या पट्ट्यांच्या रेघा मूळ विमानावरही तशाच दिसायच्या.

काम सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात आईने प्रश्न टाकला. "एवढा जीव ओतून करताय. वरनं पडून मोडलं तर? त्यापेक्षा दिवाणखान्यात टांगा की. दहा वर्षं राहील."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. असं विमान जमिनीवर आपटायला दोन सेकंद पुरतात. पत्नीही भिंतीच्या बाजूची होती. मी म्हटलं, आधी पूर्ण तर होऊ दे, मग ठरवू. पण हळूहळू आम्हाला कळलं, की भिंत की आकाश हा निर्णय शेवटी घ्यायचा नसतोच. तो रोज रात्री घ्यावा लागतो.

कसं ते सांगतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही आठव्या हिश्शाने लहान केली, की आकारमान आठ गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे ५१२ पटींनी लहान होतं. खरं हरिकेन उड्डाणाच्या वेळी सुमारे साडेतीन हजार किलोचं. त्या हिशेबाने आमचं विमान सात किलोच्या आसपास चालायला हवं. पण सात किलोचं विमान आमच्या छोट्या पट्टीवर उतरवायचं म्हणजे दगड उतरवण्यासारखं. विमान आठपट लहान झालं तरी हवा काही आठपट पातळ होत नाही, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाचे डोळे-हातही तेच असतात. विमान सावकाश उडायला हवं असेल तर ते हलकंच हवं. आम्ही तीन किलोची मर्यादा घातली.

तेव्हापासून पत्नीचा केकसाठीचा डिजिटल वजनकाटा आमच्या टेबलावर आला, तो परत गेलाच नाही. लेकीने वैमानिकाची खुर्ची, घड्याळांची पाटी, दांडा असं अख्खं कॉकपिट कोरून तयार केलं होतं. फार सुरेख. काट्यावर ठेवलं तर ६२ ग्रॅम. भिंतीवरच्या विमानात ते नक्की बसलं असतं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली, मग तिनेच ते काढून ठेवलं आणि जाड कागदावर घड्याळं रंगवली. ९ ग्रॅम. गोंदाचंही तसंच. जास्त गोंद म्हणजे जास्त मजबुती, असं आपल्याला वाटतं. पण सांधा नीट घासून घट्ट बसवला असेल तर गोंदाचा पातळ थर पुरतो, बाकीचं नुसतं ओझं. शेपटीकडे तर फारच जपायचं. नाक आखूड आणि शेपटी लांब, म्हणून मागे एक ग्रॅम वाढला की तोल साधायला पुढे दोन-तीन ग्रॅम शिसं भरावं लागतं.

तुम्ही कधी असं विमान बांधलंत तर सगळ्यात जास्त वेळ पंखांना द्या. नकाशावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरायचं, म्हणजे लाकूड कागदाला चिकटत नाही. मग फासळ्या टाचण्यांनी जागच्या जागी उभ्या करायच्या. टेबल सपाट नसेल तर पंख जन्मभर पिळलेला राहतो. एक पीळ मात्र मुद्दाम द्यायचा. पंखाच्या टोकाकडे मागची कड साधारण दोन अंशांनी वर उचलायची. का? वेग कमी झाला की पंखाचा आधार सुटतो. तो टोकाकडे आधी सुटला तर विमान एका अंगावर कोसळतं. हा पीळ असला की टोक शेवटपर्यंत हवा धरून ठेवतं आणि उडवणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो.

कापड चढवायचं काम आईने केलं. हे कापड इस्त्रीच्या उष्णतेने चिकटतं आणि आक्रसून ताणलं जातं. सपाट भाग कुणालाही जमतो. पंखाच्या गोल टोकाला मात्र चुण्या पडतात, आणि तिथे आमचे दोघांचे हात थांबले. आईने चाळीस वर्षं खळीच्या सुती साड्यांना इस्त्री केलेली. ती म्हणाली, "सरका." एका हाताने कापड तिरकं ओढत, दुसऱ्या हाताने इस्त्रीचं टोक फिरवत तिने दोन्ही टोकं अशी बसवली, की एक चुणी शोधून दाखवा!

रंगवायची वेळ आली तेव्हा लेकीने वेगळाच प्रश्न काढला. "बाबा, हे माणसं मारायचं यंत्र आहे ना? मग आपण ते इतकं सुंदर का करतोय?"

उत्तर सोपं नव्हतं, आणि अजूनही माझ्याकडे पूर्ण नाही. खोक्यात ब्रिटिश विमानाची चिन्हं होती. ती न लावता आम्ही हरिकेन आपल्या लोकांनी कुठे उडवलं, ते वाचायला घेतलं. १९४४ साली इंफाळच्या लढाईत भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेनवर होती आणि तिचे प्रमुख होते अर्जन सिंग, पुढे मार्शल ऑफ द एअर फोर्स झाले तेच. आराकानच्या जंगलावर सहावी स्क्वाड्रन मेहर सिंग यांच्या नेतृत्वाखाली हरिकेनवरूनच टेहळणी करत होती. शत्रू कुठे आहे, रस्ते-पूल कुठे आहेत, हे बघायचं, फोटो काढायचे आणि परत यायचं. पंखांत तोफा होत्याच, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मुख्य काम डोळ्यांचं होतं. लेकीने ठरवलं, आपलं विमान सहाव्या स्क्वाड्रनचं.

त्यामुळे चिन्हं हाताने रंगवावी लागली. या आघाडीवर विमानांवरच्या गोल चिन्हातला लाल रंग काढून टाकलेला होता. जपानी विमानांवर लाल गोळा असे, आणि घाईत आपल्याच माणसांनी आपलं विमान पाडू नये म्हणून. गडद निळ्यात फिका निळा, एवढंच. पुढे दिल्लीला गेलो तेव्हा पालमच्या हवाई दल संग्रहालयात खरं हरिकेन बघितलं. लेक त्याच्याभोवती फिरत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "हे केवढं मोठं आहे बाबा. आणि आत एकच माणूस बसायचा."

जानेवारीत विमान तयार झालं. बॅटरी धरून वजन २ किलो ९०० ग्रॅम, पंखांचा पसारा दीड मीटर. नकाशावर दाखवलेल्या ठिकाणी पंखांखाली दोन बोटं धरून उचललं आणि नाक किंचित खाली झुकलं. तोल बरोबर. आता तुमच्यासाठी दोन गोष्टी. एक, उडवण्याआधी सरकारी ड्रोन नकाशावर आपली जागा हिरव्या भागात आहे का ते बघा. विमानतळाजवळ जायचंच नाही, आणि माणसांच्या डोक्यावरून उडवायचं नाही. दुसरी, या लिथियम बॅटऱ्या चार्ज होत असताना तिथून हलायचं नाही, रात्रभर लावून झोपायचं तर मुळीच नाही. फुगलेली बॅटरी कितीही महाग असली तरी वापरायची नाही.

राहिला प्रश्न, पहिल्यांदा उडवणार कोण? मैदानावर आम्हाला शिकवणारे एक निवृत्त इंजिनिअर काका आहेत. पहिलं उड्डाण तेच करतील, असं मी धरून चाललो होतो. त्यांनी रेडिओचा पल्ला तपासला, प्रत्येक बिजागरी ओढून बघितली आणि रिमोट लेकीच्या हातात दिला. माझ्याकडे बघून म्हणाले, "उड़ाने दो बिटिया को. हाथ अच्छा है."

अकरा महिने माझ्या डोळ्यांपुढून गेले. पण त्यांचं बरोबर होतं. विमान आपल्याकडे तोंड करून येत असतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, आणि तिथेच भलेभले गोंधळतात. जो पंख खाली जाईल त्याच बाजूला काडी ढकलायची, ही युक्ती मला आठवावी लागते. तिच्या बोटांना ती माहीत आहे. मी घड्याळ हातात घेऊन शेजारी उभा राहिलो.

पंख्याच्या ओढीमुळे विमान डावीकडे वळू लागलं. तिने उजवं रडर देऊन ते सरळ ठेवलं. शेपटी उचलली, चाकं मुरमावर दोनदा टणटणली आणि मग आवाजच बदलला. चाकं मिटली. पोटाखालचा राखाडी रंग, पंखांवरचे ते निळे गोल आणि आईने बसवलेली गोल टोकं, सगळं उन्हात स्पष्ट दिसत होतं. चार मिनिटांनी मी "बस" म्हणालो. उतरताना वेग फार कमी करायचा नाही, थोडी मोटर चालू ठेवूनच जमिनीपर्यंत आणायचं, हे काका सांगत होते आणि ती तसंच करत होती. विमान पट्टीवर टेकलं तेव्हा तिचे गुडघे थरथरत होते. माझेही.

तिसऱ्या उड्डाणात, उतरता उतरता वाऱ्याचा एक झोत आडवा आला आणि डावा पंख जमिनीला लागला. टोक मोडलं, कापड फाटलं. घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही. रात्री लेकीने तुटकी फासळी काढली, नकाशा पसरला आणि नवी कापून बसवली. दोन संध्याकाळी गेल्या. बाल्साचं हे एक बरं असतं. जितकं पटकन मोडतं, तितकंच पटकन सांधलंही जातं.

कापडाचं ठिगळ लावायला आईच बसली. ठिगळ तिने नीट लावलं, पण रंगाची छटा किंचित वेगळी आली, लांबूनही कळते. मी तिला विचारलं, "आता टांगू या का भिंतीवर?"

इस्त्रीचं बटण बंद करत ती म्हणाली, "ठिगळाचं विमान भिंतीवर काय शोभणार? रविवारी न्या मैदानावर. आणि या वेळी मीही येते."