बुडालेली सुट्टी

नवं कॅलेंडर हाती आलं की आपला माणूस आधी सुट्ट्या कोणत्या वारी आल्यात ते बघतो. रविवारी आलेली ‘बुडाली’, सोमवारी आलेली ‘जोडून आली’. फ्रान्स आणि अमेरिका या दोन्ही देशांत राहताना मी तिथल्या सुट्ट्या याच मापाने मोजल्या, आणि हिशेब उलटाच लागला. फ्रान्समध्ये सार्वजनिक सुट्ट्या ११. अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेल्या सुट्ट्याही ११च. १४ जुलैचा राष्ट्रीय दिन रविवारी आला तर फ्रेंच माणसाची सुट्टी बुडते, बदली काही मिळत नाही. ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन रविवारी आला तर अमेरिकेत सोमवारी भरपाई मिळते, शनिवारी आला तर आदल्या शुक्रवारी. कागदावर अमेरिकाच उदार! तरीही सुट्ट्यांचा देश म्हणून नाव फ्रान्सचं, आणि ते रास्तच आहे. याचं कारण मी फ्रेंचांच्या आळसात शोधत नाही. सुट्टी ज्याची त्याने मिळवायची की सगळ्यांनी मिळून घ्यायची, या एका प्रश्नाला दोन देशांनी वेगळी उत्तरं दिली आहेत, असं मला वाटतं.

अमेरिकेतल्या त्या ११ सुट्ट्या कायद्याने केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या आहेत. खासगी मालकावर त्यांचं बंधन नाही. १९३८च्या केंद्रीय श्रमकायद्यात पगारी रजेची सक्तीच नाही. मेन, नेवाडा, इलिनॉय अशा मोजक्या राज्यांनी अलीकडे थोडी पगारी रजा बंधनकारक केली. एरवी नेमणूकपत्रात जेवढी लिहिली असेल तेवढी. आता फ्रान्समध्येही ११ पैकी सर्वांना सक्तीची पगारी सुट्टी एकच, १ मे. पण वार्षिक रजा मात्र कायद्याची. १९३६ साली लेऑन ब्लुम यांच्या सरकारने पगारी रजेचे दोन आठवडे दिले. १९५६ साली तीन, १९६९ साली चार आणि १९८२ साली पाच झाले. त्यामुळे तिथे रजेवर जाणारा माणूस ओशाळत नाही. अमेरिकेत हक्काची रजा मागतानाही आवाज जरा खाली येतो, कारण ती रजा म्हणजे मालकाशी झालेला व्यवहार असतो.

तारखांकडे पाहिलं की हा फरक आणखी उघड होतो. अमेरिकेने १९६८ साली कायदा करून काही सुट्ट्या सोमवारी सरकवल्या, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून तीन दिवस मिळावेत. माजी सैनिकांचा ११ नोव्हेंबरही त्यांनी १९७१पासून ऑक्टोबरातल्या सोमवारी नेला. ते लोकांना पटलं नाही आणि १९७८ साली तो पुन्हा मूळ तारखेला आणावा लागला. १९३९ साली तर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी थँक्सगिव्हिंग आठवडाभर अलीकडे ओढला, नाताळच्या खरेदीला दिवस जास्त मिळावेत म्हणून. फ्रेंच माणूस सण हलवत नाही, स्वतः त्याच्याभोवती वळतो. असेन्शनचा सण कायम गुरुवारी येतो. मग शुक्रवारची रजा टाकून रविवारपर्यंत ‘पूल’ बांधायचा. ‘पों’ हा त्यांचा शब्द, आपण ‘जोडून घेतली’ म्हणतो तोच. ऑगस्टमध्ये पॅरिसच्या गल्लीत बेकरीचं शटर खाली असतं आणि त्यावर एक कागद डकवलेला असतो: वार्षिक रजा, अमुक तारखेला उघडू. यात बेशिस्त नाही. निम्म्या बेकऱ्यांनी जुलैत आणि निम्म्यांनी ऑगस्टमध्ये बंद ठेवावं, म्हणजे पाव कुणाला कमी पडणार नाही, असा नियम त्या शहरात दहाएक वर्षांपूर्वीपर्यंत होता. सगळ्यांनी विसावा घ्यायचा तर त्याचीही व्यवस्था लावावी लागते.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. अमेरिकन माणसाची सरासरी कमाई फ्रेंच माणसाहून बरीच जास्त आहे. खरंच आहे, पण त्यातला मोठा वाटा जास्त तास राबल्याचा आहे. वेळ विकून पैसा घेतला, एवढंच. दुसरा आक्षेप जास्त बोचरा. ऑगस्ट २००३च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं गेली, बहुतेक वृद्ध. आणि नेमके त्याच महिन्यात नातेवाईक, डॉक्टर, मंत्री सुट्टीवर होते. सामूहिक सुट्टीची ही किंमत नाकारता येत नाही. पण देशाने शोधलेला उपायही सामूहिकच होता: वर्षातला एक दिवस सर्वांनी जादा पगाराविना काम करायचं आणि त्यातून वृद्धांच्या देखभालीसाठी पैसा उभा करायचा. त्यासाठी आधी पेंटेकोस्टच्या सणाचा सोमवार ठरला, आणि त्यावरून वर्षानुवर्षं वाद झाले. २०२५ साली पंतप्रधान बायरू यांनी दोन सुट्ट्या रद्द करायचा प्रस्ताव आणला, तेव्हाही देशभर गदारोळ उठला.

तिसरा आक्षेप मला स्वतःला टोचतो. ही सगळ्यांची सुट्टी म्हणजे नेमकी कुणाची? १९०५ साली धर्म आणि राज्य वेगळे करणाऱ्या फ्रान्सच्या ११ सुट्ट्यांपैकी सहा कॅथलिक पंचांगातल्या आहेत. दिवाळीला तिथे आपली रजा टाकावी लागते. न्यू यॉर्क शहराच्या शाळांना मात्र आता दिवाळीची सुट्टी असते. नव्याला जागा देण्यात अमेरिका पुढे आहे, हे मान्यच करायला हवं. पण ती जागाही बहुधा सोयीच्या वाराचीच: तिथल्या महाराष्ट्र मंडळांचा गणपती तिथी सोडून शनिवारी-रविवारी बसतो. सोमवारच्या कायद्याचं तत्त्व आपणही तिथे निमूट स्वीकारलेलं आहे.

१ मेची गोष्ट या सगळ्याचं सार सांगते. शिकागोतल्या कामगारांच्या १८८६च्या लढ्यातून ही तारीख पुढे आली, १८८९ साली पॅरिसच्या समाजवादी परिषदेने ती उचलली आणि जगभर केली. महाराष्ट्र दिनाच्या जोडीने ती आपल्याही कॅलेंडरात आहे. तिच्या जन्मभूमीने मात्र १८९४ साली कामगार दिन सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी ठेवला. तो कधी बुडत नाही. फ्रान्सचा १ मे रविवारी आला की बुडतो. पण त्या रविवारीही रस्त्याच्या कडेला, १ मेला एकमेकांना द्यायच्या म्युगेच्या पांढऱ्या फुलांच्या जुड्या विकायला लोक बसतात, आणि त्या घेणारेही थांबतात.